वरचा बाण

चाचा,

तुमच्या मशीनचा पासवर्ड चाचीला माहीत नव्हता. तुमच्या भाच्यालाही नव्हता. चाचीनं मला निरोप पाठवला तेव्हा तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले होते. मी आले तर फोटोच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. भाचा खुर्चीत बसून तुमच्या जन्माचं साल, चाचीचं नाव, दुकानाचं नाव असं काहीबाही टाकून पाहत होता. चाची दाराशी ओढणीचा पदर धरून उभी होती.

"सुमन, तूच खोल बाई," चाची म्हणाली. "याले तर तो डब्बा वळखतच नाही."

मी खोललं. पासवर्ड काय होता ते चाचीला सांगितलं नाही. तुम्हाला साखरेचा आजार, चाची तुम्हाला बिनसाखरेचा चहा पाठवणार, आणि तुम्ही पासवर्ड ठेवला होता 'दोन चमचे साखर'.

"आता त्याच्यातलं लोकायचं जे जे हाय ते साफ करून दे," चाची म्हणाली. "फोटो, आधार कार्डं, पोरीयचे बायोडाटे, सगळं. मशीन हा नागपूरले घेऊन चालला. दुसऱ्याच्या लेकीबाळीयचे फोटो मले कोणाच्या हाती नाही जाऊ द्यायचे."

मी हो म्हटलं. तुम्ही असता तर गालात हसला असता. अख्ख्या वणीत पुसायचं काम सांगायला चाचीला सुमनच सापडली.

ज्या वहीत हे लिहिते आहे ती तुम्हीच दिलेली आहे. पुढच्या पानांवर हुकूम आहेत. तुम्ही कमांडला हुकूमच म्हणायचा, मीही तेच लिहिलं. हे मी मागच्या पानापासून सुरू केलं. चौथीच्या पुढे शाळेत गेले नाही, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. पण बोलून मला जमलं नसतं. तुम्ही समोर होता तेव्हा सहा वर्षं जमलं नाही.

तेच आधी सांगून टाकते. मुकुटबनच्या देवरावभाऊंच्या लेकीच्या लग्नाचे फोटो तुमच्या हातून गेले नव्हते. माझ्या हातून गेले होते.

*

मी दुकानात आले ती झाडू-पोछा करायला. सकाळी तासभर काम आणि मग घरी, असं ठरलं होतं. तुमच्या मशीनवर लोकांच्या पेनड्राइव्हमधून सारखे व्हायरसचे किडे यायचे आणि मशीन बसायचं. म्हणून तुम्ही त्याच्यात दुसरी पद्धत टाकली होती. चित्रं कमी, अक्षरं जास्त. काळी खिडकी आणि तिच्यात पांढरी अक्षरं. मी फडकं हातात धरून पाहत उभी राहिले होते.

"काय पाहून राह्यली?"

"काही नाही."

"हे टीव्ही नाही बेटा. याच्यात आपोआप काही होत नाही. आपून सांगू तेवढंच होते."

"मग बरं हाय," मी म्हटलं.

तुम्ही एवढे हसलात की समोरचा झेरॉक्सवाला डोकावला. पण मी खरंच बोलले होते. मला माणसांशी बोलायला जड जातं. गिऱ्हाईक आलं की मी पडद्यामागं कप विसळायला जायची. ती खिडकी मात्र मला बरी वाटली. विचारलं तेवढंच सांगायची आणि पुढचं कोणी लिहीपर्यंत वाट पाहायची.

इंग्रजी अक्षरं मला ट्रकच्या नंबरप्लेटवरून येत होती. घर चंद्रपूर रोडला, दिवसभर कोळशाच्या गाड्या जायच्या. तेवढ्या अक्षरांवर तुम्ही मला बसवलंत. कीबोर्डवर मोठी अक्षरं असतात आणि खिडकीत छोटी उमटतात. दोन्ही एकच आहेत हे समजायला मला आठवडा लागला. तुम्ही एकदाही वैतागला नाहीत.

पहिला हुकूम पीडब्ल्यूडी.

"हे तं रस्तेवाले," मी म्हटलं.

"रस्तेवालेच. फक्त हे खड्डे नाही ठेवत. तू कुठं उभी हायेस ते सांगते. काही बी करायच्या आधी माणसानं पाहावं, आपून उभं कुठं हाओ."

दुसरा एलएस, म्हणजे इथं काय काय आहे ते दाखव. तिसरा सीडी, म्हणजे या खोलीतून त्या खोलीत जा. आणि मग टॅबचं बटण. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहायची, टॅब दाबायचं, उरलेलं नाव मशीन लिहितं. सारखी दोन नावं असली तर दोन्ही दाखवून थांबतं, कोणतं पाहिजे म्हणून. मला स्पेलिंग कधीच आलं नाही. माझी लाज त्या बटणानं राखली. सगळ्या दुनियेला असं एक बटण पाहिजे होतं, अर्धं बोललं की उरलेलं समजून घेणारं.

आणि तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "काम नाही झालं तर ही बडबड करते. झालं तर चूप बसते. चूप बसली म्हणजे समजायचं, झालं."

हे माझ्या पक्कं ध्यानात राहिलं.

वर्षभरात मी झाडू मारून घरी जाईना. पासपोर्ट फोटोंना नावं देणं माझ्याकडे, शोधणं माझ्याकडे. लोक दोन वर्षांनी यायचे, "चाचा, मायाच फोटो, तो निळ्या शर्टातला." तुम्ही मला नाव सांगायचा. पूर्ण नाव कोणालाच नीट लिहिता येत नसे, म्हणून मधली चार अक्षरं लिहायची आणि दोन्ही बाजूंनी चांदणी द्यायची. चांदणी म्हणजे इथं काहीही असू दे. निळा शर्ट लगेच बाहेर यायचा.

झरीकडचे एक मास्तर आले होते, आठवतं? पेनड्राइव्ह हातात, कपाळाला घाम.

"चाचा, मेलो. दहावीच्या पोट्ट्यायचे सगळे गुण गेले याच्यातले. उद्या द्यायचे हायेत."

"गेले नाही मास्तर, दडले. पोट्टेच ते. सुमन, पाह्य बरं."

दुसऱ्या मशीनवर त्या किड्यामुळे फायली दिसायच्या नाहीत. आपल्या काळ्या खिडकीला ती लपवाछपवी कळतच नसे. मी एलएस दिलं, सगळी नावं ओळीनं उभी राहिली.

"अबे, हे तं सगळे हजर!" मास्तर माझ्याकडे वळले. "ताई, कोणता कोर्स केला तुम्ही?"

मी खाली पाहिलं. तुम्ही म्हणालात, "झाडूचा. आधी घर पाह्यते, मग हात लावते. तुमच्या कॉलेजवाल्यायले हेच नाही येत."

ते ऐकून मला दिवसभर बरं वाटलं होतं. नंतर तेच वाक्य मला टोचायला लागलं.

*

आता ते कसं झालं ते लिहिते. तुम्हाला बाकी सगळं माहीत आहे, पण कसं झालं ते माझ्या तोंडून ऐकायचं राहिलं.

रोज संध्याकाळी पासपोर्टची खोली रिकामी करायचं काम माझं होतं. तुमचा नियम होता, आधी दाखव, मग पूस. पुसायची चांदणी आधी एलएसला लावून पाहायची, कोणकोणती नावं येतात ते वाचायचं. मग वरचा बाण दाबायचा, म्हणजे मागचा हुकूम परत समोर येतो. त्याच्यातलं एलएस काढून आरएम लिहायचं. पुसलं जातं. शेवटी पुन्हा एलएस, खोली रिकामी झाली का पाहायला. दाखव, पूस, दाखव. मी हे इतक्यांदा केलं होतं की बोटं डोक्याला विचारत नव्हती.

त्या संध्याकाळी माझी बस स्टँडवर लागली होती. दाखव झालं, पूस झालं, शेवटचं दाखव न करताच मी उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही देवरावभाऊंच्या लग्नाची दोन्ही कार्डं मशीनमध्ये उतरवून घेतली, कार्डं रिकामी केली आणि दुसऱ्या लग्नाला निघालात. जाताना म्हणालात, "सगळे आले का एकदा पाहून ठेव." मी त्या खोलीत गेले. रोजच्यासारखा वरचा बाण दोनदा दाबला. रोज पहिल्यांदा दाबलं की खोलीत जायचा हुकूम यायचा, दुसऱ्यांदा 'दाखव' यायचं. त्या दिवशी 'पूस' आलं होतं, कारण आदल्या दिवशीचं शेवटचं दाखव मी केलंच नव्हतं. मी वाचलं नाही. मोजून दाबलं आणि एंटर मारलं.

खिडकी चूप बसली.

मला वाटलं, नावं यायला वेळ लागतो आहे. मग एलएस दिलं, तरी काही आलं नाही, तेव्हा समजलं.

मी पडदा कोरा करायचा हुकूम दिला. खिडकी बंद केली. आधीच झाडलेलं दुकान पुन्हा झाडलं.

तुम्ही चार वाजता आलात. मी म्हटलं, "चाचा, त्याच्यात काही दिसून नाही राह्यलं."

"तू काही केलं का?"

"नाही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. म्हणालात, "बरं. तू जाय. तुयी गाडी जाईन."

चार दिवस तुम्ही ते फोटो परत काढायला बसला होता. कार्डांवर दुसरं लग्न चढलं होतं, त्यामुळे तिकडूनही काही उरलं नव्हतं. मशीनमधून थोडे निघाले. बरेचसे अर्धे. वरून चेहरा, खालून राखाडी पट्टा.

देवरावभाऊ आले त्या दिवशी मी पडद्यामागं होते. त्यांच्या आईला फोटोचा कंटाळा होता, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. "मले कायले काढता, तोंडात दात नाही," असं म्हणून ती म्हातारी हात आडवा करायची. पण नातीच्या लग्नात ती हसली होती आणि तुम्ही तो धरला होता. फार खूश होता तुम्ही त्या फोटोवर.

"चाचा, हे काय हाय?" देवरावभाऊंचा आवाज. "कपाळापासून नाकापर्यंत माय हाय. खाली राख हाय. मले माय पुरी पाह्यजे."

"देवरावभाऊ, माया हातून झालं. बोट चुकलं मायं."

"बोट चुकलं? चाचा, हातच हालते तुमचा. उमर झाली तं घरी बसा ना. लोकायच्या घरचं कार्य कायले नासवता?"

तुम्ही म्हणालात, "बराबर हाय तुमचं."

माझ्या हातात तुमचाच कप होता. मी तो तसाच विसळत राहिले. पडदा बाजूला सारून बाहेर यायचं होतं, आठ पावलं होती. मी आले नाही.

त्याच थंडीत ती म्हातारी गेली. भिंतीवर लावायला त्यांच्याकडे आधार कार्डावरचा फोटो होता, तो मोठा करायला ते दुसऱ्याच्या दुकानात गेले. आणि तुमचा हात हालतो ही गोष्ट मुकुटबनपासून वणीच्या बाजारापर्यंत आली. तुमचा हात हालत नव्हता, चाचा. कैची धरून तुम्ही पासपोर्ट फोटो कापायचा तेव्हा धार सरळ यायची. पण लग्नाला तुम्हाला बोलावणं बंद झालं. कोणी विचारलं तर तुम्ही म्हणायचा, "आता कुठं रात्र रात्र उभं राह्यचं. मोबाइलवर काढतात लोकं, चांगले काढतात." कॅमेरा कपाटात गेला.

*

त्यानंतर मी वरचा बाण सोडला. प्रत्येक हुकूम पहिल्या अक्षरापासून लिहायची.

"काहून एवढं लिहितं? बोटं घासून गेली तुयी. बाण काय शोभेले हाय?"

"मले नाही आवडत."

"काय नाही आवडत?"

"मागचं परत आणायले."

तुम्ही चष्मा काढून पुसला. आपला हा वाद बाण सोडून सगळ्यावरून चालायचा. तुम्ही म्हणायचा, भिऊन काम करणारा माणूस कामात मागं राहतो. मी म्हणायची, चुकण्यापेक्षा मागं राहिलेलं बरं. तुम्ही म्हणायचा, चुकलं तरी दुनिया बुडत नाही. मी मनात म्हणायची, एक म्हातारी नाकापासून खाली बुडाली.

मग एक दिवस तुम्ही मला मागचं शोधायची युक्ती दाखवलीत. कंट्रोल धरून आर दाबायचं, हुकमातली दोन अक्षरं आठवतील ती लिहायची. मशीन मागचं सगळं धुंडाळून तो अख्खा हुकूम आणून देतं.

"म्हणजे हे सगळं ध्यानात ठेवते?" मी विचारलं. "खिडकी बंद केली तरी? पडदा कोरा केला तरी?"

"पडदा कोरा केल्यानं काय होते? भिंत पुसली म्हणून घरात काय बोललं ते जाते का?"

"किती दिवसायचं ठेवते?"

"ठेवू देशीन तेवढं. मी तं काहीच नाही फेकत."

तेव्हापासून मला माहीत होतं की ते तिथं आहे. मी कधी पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं असेल का, हेही विचारलं नाही. मी स्वतःला सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला कुठं एवढं जुनं काढायची सवड.

*

तर चाचीनं चहा आणून ठेवला आणि मी पुसायला बसले. पण आधी हिस्ट्री, म्हणजे मागचे सगळे हुकूम दाखव, असं लिहिलं, पुढे उभी रेघ दिली आणि तिच्यापुढे देवरावभाऊंचं नाव. उभी रेघ म्हणजे नळाला चाळणी लावणं, इतकी वर्षं तुम्ही सांगायचा. सगळं पाणी वाहू द्यायचं, पाहिजे तेवढंच चाळणीत धरायचं. एक ओळ वर आली. तारीख, वेळ, मी त्या खोलीत गेले तो हुकूम. मग मी चाळणी काढली आणि त्या ओळीच्या खालचं वाचलं.

आरएम आणि चांदणी. सकाळचे दहा वाजून गेले होते. मग एलएस. मग पडदा कोरा करायचा हुकूम. मग काही नाही, दुपारभर.

चार वाजून सहा मिनिटांनी एक ओळ होती. हिस्ट्री.

तुम्ही खुर्चीत बसल्यावर पहिलं तेच केलं होतं. मी अजून बसस्टँडवर पोचलेही नसेन.

त्याच्या खाली चार दिवसांच्या तुमच्या खटपटी. एकामागून एक, तेच परत, थोडं बदलून परत. मग देवरावभाऊ येऊन गेले त्या दिवसाच्या संध्याकाळी तुम्ही एक लपलेली फाईल उघडली होती. ठिपक्यानं सुरू होणारी नावं लपलेली असतात, मशीनच्या सवयी त्यांच्यात लिहिलेल्या असतात, तुम्ही म्हणायचा, तिथं हात नको लावू. मी लावला.

खाली शेवटी तुम्ही लिहिलं होतं की या मशीनवर कोणी आरएम लिहिलं तर पुसायचं नाही, सगळं 'कचरा' नावाच्या लपलेल्या खोलीत नेऊन ठेवायचं. आणि त्याच्या वरती एक ओळ होती, सुरुवातीला जाळीची, म्हणजे हॅशची खूण असलेली. जाळीची खूण दिली की ती ओळ मशीन वाचत नाही, ती माणसानं वाचायची असते. इंग्रजी अक्षरांत होती, मी बोट ठेवून लावली.

'सुमनसाठी. सुमन को बताना नहीं.'

चाची म्हणाली, "काय झालं गं? बिघडलं का?"

मी म्हटलं, "नाही. चालू हाय."

म्हणजे सहा वर्षं मी काही पुसलंच नाही. मी खोली रिकामी करायची आणि सगळं जसंच्या तसं मागच्या खोलीत जाऊन बसायचं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी नमाजनंतर तुम्ही स्वतः मशीनवर बसायचा. मी म्हणायची, मी करते ना. तुम्ही म्हणायचा, "हे राहू दे, हे मायं काम हाय." तो तुमचा कचरा काढायचा दिवस होता. आणि हिस्ट्रीत मधे मधे, चार ठिकाणी, तुम्ही कचऱ्यातून काही परत आणून जागेवर ठेवलेलं दिसलं. त्यातली एक तारीख मला आठवते. एका मुलीच्या बारावीच्या कागदांचे स्कॅन मला सापडत नव्हते. तुम्ही मला चहा आणायला पाठवलं. परत आले तर तुम्ही म्हणालात, "अवो, इथंच तं हायेत. डोळे फुटले का तुये?"

मी त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांना दोष दिला होता.

मला राग आला, चाचा. खोटं कशाला लिहू. इतकी वर्षं मी आठवणीनं, भीत भीत, एकेक अक्षर लिहिलं आणि मला वाटत होतं की मी सावध बाई झाले. खाली तुम्ही मला झेलायला चादर धरून उभे होता आणि मला सांगितलं नाही. एक थप्पड मारली असती तर मी त्या दिवशी रडून मोकळी झाले असते. देवरावभाऊंसमोर तुम्ही मला हाक मारली असती, "सुमन, बाहेर ये," एवढंच, तर मी आले असते. कदाचित आले असते. तुम्ही हाक मारली नाही म्हणून मी आले नाही, असं म्हणायलाही माझी जीभ धजत नाही. मी नाही म्हटलं होतं. तुम्हाला ते खोटं आहे हे पाच मिनिटांत कळलं आणि तुम्ही ते अंगावर घेतलं. मग ते परत कसं मागायचं ते तुम्हालाही कळलं नसेल.

आणि मी किती वेळा बचावले, तेही मी मोजलं. चार वेळा. तुमची चादर नसती तर देवरावभाऊंसारखी चार घरं आणखी दारात आली असती. हे वादात तुमच्या बाजूनं धरा.

*

तुमची ती चादर मी स्वतः काढली. फाईल उघडून त्या हुकमापुढे जाळीची खूण दिली, म्हणजे मशीननं तो वाचू नये. वरची ओळ तशीच ठेवली. खिडकी बंद करून नवी उघडली. आता आरएम म्हणजे खरंच आरएम होतं.

आधी पीडब्ल्यूडी, उभी कुठं आहे ते पाहिलं. मग दाखव. पासपोर्टची खोली, बायोडाट्याची, आधारची. ओळीओळीनं वाचलं. पुसायच्या आधी एकदा देवरावभाऊंच्या आईचं नाव शोधलं, दोन्ही बाजूंनी चांदणी देऊन, तीन तऱ्हांनी लिहून. कधी काळी पेन्शनसाठी, बँकेसाठी तुमच्याकडे फोटोला बसली असेल तर. काही आलं नाही. मग वरचा बाण दाबला, सहा वर्षांनी. आलेला हुकूम वाचला. एलएसच्या जागी आरएम केलं. पुन्हा वाचला. एंटर.

चूप.

मग शेवटचं दाखव. ते या वेळी सोडलं नाही. काही नव्हतं. कचऱ्याची खोलीही तशीच रिकामी केली. तुमची हिस्ट्री मात्र चाचीला विचारून माझ्या पेनड्राइव्हवर घेतली आणि मगच मशीनवरून काढली.

"त्याच्यात काय हाय?" चाचीनं विचारलं.

"चाचा दिवसभर काय काय करत होते ते."

"मले तं कधी सांगितलं नाही त्यानं," चाची म्हणाली. "तूच ठेव."

खिडकीला फुली मारून बंद करायचं नाही, हे तुमचं लाडकं. शेवटी एक्झिट लिहायचं. "घरातून निघताना 'येतो' म्हणतो ना आपून? तसं. न सांगता गेलेला माणूस घरच्यायले अर्धवट वाटते." तुम्ही हे मला सांगितलं आणि स्वतः दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. मी एक्झिट लिहिलं. तुमच्या वतीनं, असं समजा.

*

काल मी मुकुटबनला गेले. एकटी. घर विचारत विचारत. मला रस्त्यात माणसाला घर विचारायला किती जड जातं ते तुम्हाला माहीत आहे.

देवरावभाऊ ओट्यावर बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी कधी पडद्याबाहेर आलेच नव्हते, तर ओळखणार कसे? मी म्हटलं, "मी चाचाच्या दुकानातली. फोटोच्या."

"कोण, इस्माईलचाचा? तो तं गेला म्हणे."

"तुमच्या लेकीच्या लग्नाचे फोटो मीनं उडवले होते. चाचानं नाही."

बसमध्ये मी बरंच काही जुळवलं होतं. बाण, दाखव, पूस. त्यातलं एकही आलं नाही. एवढंच आलं. त्यांच्या बायकोनं आतून पाण्याचा गिलास आणला होता, ती तिथंच थांबली.

"काय म्हणतं तू?"

"तुमी दुकानात आल्ते तवा मी आतमधीच होतो. पडद्यामागं. चाचाचा हात नव्हता हालत."

"मग आता सांगून राह्यली?" ते उठलेच. "सहा वर्षं तोंड शिवलं होतं का तुयं? तो माणूस मातीत गेल्यावर? अवो, म्या त्याले भर बाजारात बोललो! एकदा नाही, जितक्या वेळा दिसला तितक्या वेळा बोललो. पोट्टे हासले त्याले. अन् तो मले काय म्हने, माहीत हाय का? 'देवरावभाऊ, बराबर हाय तुमचं.'"

"मले माहीत हाय," मी म्हटलं.

"तुले काय माहीत हाय!"

त्यांचं बरोबर होतं. ते आत गेले. दाराच्या फटीतून भिंत दिसत होती. तिच्यावर म्हातारीचा तो आधार कार्डाचा फोटो, मोठा केलेला, फिकट. त्याच्या खाली चौकटीत खोचलेला दुसरा एक होता. कपाळापासून नाकापर्यंत. हसल्यानं डोळे बारीक झालेले. खालचा राखाडी भाग कोणीतरी कापून काढला होता. कापलेली धार सरळ होती.

ती तुमची कैची होती, चाचा. तुम्ही कधी दिला तो त्यांना? हे हिस्ट्रीत नाही.

वहिनींनी गिलास माझ्या हातात दिला. मी पाणी प्याले. निघावं म्हणून वळले, येते म्हटलं. फाटकापर्यंत गेले तेव्हा देवरावभाऊ परत दारात येऊन बोलले. आवाज खाली आला होता.

"ए बाई. त्याचा चाळीसावा कधी हाय?"

"शुक्रवारी," मी म्हटलं. "नमाजनंतर. घरीच हाय."

"घर तेच का, दुकानाच्या मागचं?"

"तेच."

ते पुन्हा ओट्यावर बसले. मी थोडा वेळ फाटकाशी उभी राहिले. ते चूपच बसले होते.